आईचा अल्झायमर आणि तुमची पन्नाशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी आई ७६ वर्षांची. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. होळीला तिने पुरण शिजवलं, पण कट कधी काढायचा आणि पुरण कधी वाटायचं हेच तिला आठवेना. आता कधीकधी माझं नावही आठवत नाही. मी ४९ वर्षांची, बँकेत नोकरी करते. भाऊ न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो तिकडे नवीन इंजेक्शन आलंय, आईला देऊ या. मला स्वतःचीच भीती वाटते. गाडीची किल्ली सापडली नाही की घाम फुटतो. मेंदू वाचवण्याबद्दल एवढं संशोधन चालतं, त्यातून आमच्या हाती खरंच काही लागलंय का? जीन टेस्ट करू का? ब्राह्मी आणि हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत."

ताई, आधी किल्लीचं बोलू. गेली सत्तावीस वर्षं मी मेंदूविकारांची ओपीडी पाहतोय आणि आठवड्यातली एक दुपार फक्त विसर पडणाऱ्या रुग्णांसाठी राखलेली असते. तिथे पहिल्या पाच मिनिटांत बरंच काही कळतं. जो माणूस एकटा येतो, काय काय विसरलो याची यादी कागदावर लिहून आणतो आणि प्रत्येक प्रसंग तारखेसकट सांगतो, त्याला बहुतेक वेळा हा आजार नसतो. ज्याला असतो तो म्हणतो, "मला काही झालेलं नाही, हीच उगाच घेऊन आली." मग साधा प्रश्न विचारला, काल रात्री काय जेवलात, की उत्तरासाठी मान वळवून बायकोकडे किंवा मुलीकडे बघतो. पुरणाचा क्रम हरवणं हा आजार आहे. तुमची किल्ली म्हणजे रात्री आईसाठी तीनदा उठणं, सकाळचं काउंटर आणि पाळी जाण्याच्या वयातली तुटक झोप. तरीही बी-१२, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार सर्रास सापडतं, आणि ते वेळेत भरून काढलं की विसराळूपणा कमी झालेले रुग्ण मी दरवर्षी पाहतो.

आता मुख्य मुद्दा. अल्झायमरमध्ये मेंदूत दोन प्रथिनं साचत जातात, चेतापेशींच्या बाहेर अमायलॉइड आणि आत टाऊ. अमायलॉइड साचायला लागतं ते पहिली विसर पडायच्या पंधरा-वीस वर्षं आधी, आणि तेव्हा माणूस अगदी ठणठणीत असतो. पुढे टाऊ पसरू लागतो, पेशी मरू लागतात आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं. भिंतीचे पोपडे पडतात तेव्हा ओल त्याच पावसाळ्याची नसते. मेलेली चेतापेशी परत आणणारं औषध आज जगात कुठेही नाही. म्हणून मेंदू वाचवण्याचं जवळजवळ सगळं संशोधन तुमच्या आईसाठी उशिराचं आहे, आणि तुमच्यासाठी वेळेवरचं. हे लिहिताना मला जड जातंय, पण हे नीट कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही.

भावाच्या इंजेक्शनचं याच नजरेने पाहा. लेकानेमॅब हे औषध अमायलॉइडला चिकटतं आणि शरीराच्या सफाई पेशींकरवी ते मेंदूतून काढायला लावतं. त्याच्या मोठ्या चाचणीत १,७९५ लोक होते आणि ती १८ महिने चालली. आजार किती वाढला हे ० ते १८ अशा मापावर मोजलं. औषध न मिळालेल्या गटाची घसरण १.६६ झाली, औषध मिळालेल्या गटाची १.२१. फरक ०.४५. वर्तमानपत्रात तो "२७ टक्के" म्हणून छापून येतो, आणि हिशेब खोटा नाही. पण घरात बसलेल्या मुलीला दिसतो तो ०.४५. सरासरीने कोणताही गट सुधारला नाही, दोन्ही घसरले, औषधाचा गट थोडा हळू. चाचणीत दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध दिलं गेलं आणि सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हापुन्हा एमआरआय करावा लागतो, कारण आठातल्या साधारण एकाच्या मेंदूला सूज दिसली आणि काहींच्या मेंदूत बारीक रक्तस्राव झाला. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर हा धोका फारच गांभीर्याने घ्यावा लागतो. डोनानेमॅब हे दुसरं औषध त्याच जातीचं, महिन्यातून एकदा द्यायचं, आणि सूज येण्याचं प्रमाण त्यात आणखी जास्त, सुमारे चौघांत एकाला.

या दोन्ही चाचण्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर झाल्या. तुमच्या आई त्या टप्प्याच्या पुढे गेल्या आहेत. भावाला सांगा की त्याची माया मला कळते, पण हे औषध आईसाठी नाही. तो पैसा रात्रीच्या चांगल्या मदतनीस बाईंसाठी वापरला तर आईलाही फरक पडेल आणि तुम्हालाही.

एवढं असूनही मी या औषधांना कमी लेखत नाही. अमायलॉइडपासून हा आजार सुरू होतो हा विचार १९९२ मध्ये ठोसपणे मांडला गेला. त्यानंतर तीस वर्षं एकामागून एक औषधं अपयशी ठरली. २०२१ मध्ये अमेरिकेत मोठ्या वादात मंजूर झालेलं अडुकानुमॅबसुद्धा २०२४ मध्ये कंपनीने बंद केलं. लेकानेमॅबने पहिल्यांदा पक्कं दाखवलं की प्रथिन काढलं तर आजाराची चाल बदलते. आता तीच औषधं, लक्षणं नसलेल्या पण मेंदूत अमायलॉइड साचू लागलेल्या लोकांना देऊन पाहिली जात आहेत. खरं उत्तर तिथून येईल.

मेंदू वाचवणारं औषध म्हणून प्रयोगशाळेत चमकलेलं किती काय माणसांत फिकं पडलं, हेही सांगायला हवं. पार्किन्सनमध्ये क्रिएटिनची चाचणी १,७४१ रुग्णांवर झाली, फायदा शून्य. को-एन्झाइम क्यू-१० ची ६०० जणांवर, तीही निष्फळ, आणि त्याच्या महागड्या कॅप्सूल आजही खपतात. मधुमेहाचं औषध एक्सेनाटाइड पार्किन्सनच्या छोट्या चाचणीत आशादायक वाटलं होतं, २०२५ मध्ये १९४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत काही उरलं नाही. त्याच वर्षी मधुमेहाचंच दुसरं औषध, सेमाग्लुटाइड, अल्झायमरमध्ये चाललं नाही. "उंदरांमध्ये स्मरणशक्ती परत आली" असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला की ही यादी आठवा.

मग मेंदू मुळात वाचू शकतो तरी का? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात विलक्षण उत्तर कोलंबियातल्या अँटिओकिया प्रांतातलं आहे. तिथल्या डोंगराळ गावांत एक विस्तारलेलं कुटुंब आहे, सुमारे सहा हजार माणसांचं. त्यातल्या अनेकांमध्ये प्रेसेनिलिन-१ या जीनमधला एक दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो दोष ज्याच्या वाट्याला येतो त्याला चव्वेचाळिशीच्या आसपास विसर पडू लागते आणि पन्नाशीच्या आत स्मृतिभ्रंश होतो. यात जवळजवळ सुटका नाही. तिथल्या मेदेयिन शहरातले मेंदूतज्ज्ञ फ्रान्सिस्को लोपेरा यांनी १९८० च्या दशकापासून २०२४ मध्ये निधन होईपर्यंत या कुटुंबाचा पाठपुरावा केला. गावोगाव फिरून वंशावळी जुळवल्या, रक्ताचे नमुने घेतले, मेंदूदानासाठी लोकांचं मन वळवलं.

या कुटुंबात एक बाई सापडल्या. तोच दोष, पण सत्तरी येईपर्यंत त्या व्यवस्थित होत्या. त्यांना तपासणीसाठी बोस्टनला नेलं. स्कॅनमध्ये त्यांचा मेंदू अमायलॉइडने भरलेला निघाला, त्या कुटुंबात पाहिलेल्या सगळ्यात जास्त पातळ्यांपैकी एक. टाऊ मात्र अगदी थोडा. २०१९ मध्ये कारण प्रसिद्ध झालं: त्यांच्याकडे एपीओई या जीनचा "क्राइस्टचर्च" नावाचा दुर्मीळ प्रकार होता, आणि तोही आईवडील दोघांकडून, म्हणजे दोन प्रती. पुढे त्याच कुटुंबात एक प्रत असलेली २७ माणसं सापडली, त्यांचा आजार सुमारे पाच वर्षं उशिरा सुरू झाला.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही शिकलो होतो की अमायलॉइड साचलं की पुढचं अटळ. इथे एका बाईचा मेंदू त्या साचलेल्या ढिगाऱ्यासकट तीस वर्षं शाबूत राहिला. म्हणजे अमायलॉइड आणि टाऊ यांच्यामध्ये एक दार आहे आणि ते बंद ठेवता येतं. त्या जीनची नक्कल करणारी औषधं शोधण्याचं काम आता प्रयोगशाळांत सुरू आहे.

पण ते दार औषधाने बंद करता येईपर्यंत तुम्ही साठीत पोचाल. आज हातात असलेल्या गोष्टींपैकी एकीवर मी सगळ्यात जास्त जोर देतो, आणि ती ऐकून रुग्णांचा चेहरा पडतो, कारण त्यांना काहीतरी भारी हवं असतं. ती म्हणजे बीपी.

अमेरिकेतल्या एका चाचणीत ९,३६१ लोकांपैकी निम्म्यांचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवलं आणि निम्म्यांचं १२० च्या खाली. उपचार साडेतीन वर्षंही चालले नाहीत. कडक नियंत्रणाच्या गटात स्मृतिभ्रंशाच्या आधीची पायरी, म्हणजे सौम्य बौद्धिक घसरण, १९ टक्क्यांनी कमी झाली. मला त्याहून मोलाची वाटते ती चीनच्या खेड्यांतली चाचणी, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली. ३२६ गावं, जवळजवळ ३४ हजार माणसं, सगळी चाळिशीच्या पुढची आणि बीपी आटोक्यात नसलेली. निम्म्या गावांत तिथल्याच ग्रामवैद्यांना शिकवलं: ठरलेल्या पायऱ्यांनी स्वस्त गोळ्या वाढवायच्या, लोकांना घरी बीपी मोजायला लावायचं, लक्ष्य १३०/८० च्या खाली. चार वर्षांत त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. मोठं रुग्णालय नाही, पेट स्कॅन नाही, मेंदूतज्ज्ञसुद्धा नाही. आपल्या आशाताई आणि उपकेंद्रं डोळ्यांसमोर आणा. हे आपल्याकडे न करण्याचं एकही वैद्यकीय कारण मला दिसत नाही, आणि म्हणून ते होत नाही याचा मला त्रास होतो.

बीपीने मेंदूचं काय बिघडतं तेही समजून घ्या. मेंदूच्या खोल भागात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून त्यांच्या भिंती जाड होतात, आतला पांढरा भाग उपाशी राहतो, आणि एमआरआयवर तिथे पांढरे डाग दिसतात. वयस्कर माणसांच्या मेंदूत बहुतेक वेळा अल्झायमर आणि हे रक्तवाहिन्यांचं नुकसान एकत्रच असतं. पहिल्यावर आमचा इलाज तोकडा, दुसरं मात्र टाळता येतं. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. बीपी १७०, आणि म्हणणं असं की "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळीची सवय कशाला लावून घेऊ?" मी त्यांना पुरेसं समजावू शकलो नाही. दहा वर्षांनी त्यांच्या मुलाने त्यांना हाताला धरून आणलं आणि गोळी का घ्यायची हा प्रश्न विचारण्याच्या स्थितीत ते उरले नव्हते. बीपी दुखत नाही. चष्म्याची कोणाला सवय लागत नाही, गरज असते. तसंच या गोळीचं. घरी दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, पाच मिनिटं शांत बसून मोजा, आठवड्याचे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा आणि तुमचं लक्ष्य किती हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. लोणचं, पापड आणि बाहेरचं फरसाण यांचं मीठ मोजणीत धरा. शुगर आणि वाईट कोलेस्टेरॉल याच रांगेत येतात. त्यांवर वेगळं लिहीत नाही, तेही बघून घ्या.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा धोके मांडले आणि म्हटलं की ते सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील. तुम्ही एकटीने हे सगळं केलं तर तुमचा धोका ४५ टक्क्यांनी उतरेल असा याचा अर्थ नाही. हा आकडा लोकसंख्येचा आहे. त्या यादीत आपल्याकडे अजिबात गंभीरपणे न घेतल्या जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत.

पहिली कान. ऐकू कमी आलं की माणूस बोलणं टाळतो, मग लोक त्याच्याशी बोलणं टाळतात, आणि मेंदूला दिवसभर काम उरत नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं चाचणी झाली, निम्म्यांना श्रवणयंत्र दिलं. सगळे मिळून पाहिले तर फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात जास्त धोका होता, त्यांच्यात यंत्र लावणाऱ्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. आईंचे कान तपासले आहेत का? त्यांच्या बाबतीत आजार मागे फिरणार नाही, पण निम्मा गोंधळ न ऐकू आल्यामुळे असेल तर तो कमी होईल.

दुसरी डोक्याला मार. आपण दुचाकीवर जगतो आणि पुण्यासारख्या शहरात हेल्मेटविरुद्ध आंदोलनं झाली आहेत. मेंदूच्या डॉक्टरला याहून वाईट वाटण्यासारखी गोष्ट सापडणं अवघड आहे.

व्यायामाचं वेगळं पटवायची गरज नसावी. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम, आहार, बौद्धिक सराव आणि बीपी-शुगरची देखरेख असं एकत्र दिलं; त्यांची बुद्धी तुलनेच्या गटापेक्षा चांगली राहिली. तोच धागा धरून अमेरिकेत २,१११ लोकांवर काम झालं आणि २०२५ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांना सुधारणा दिसली, पण ज्यांना नेमून दिलेला कार्यक्रम आणि नियमित गटबैठका होत्या त्यांना जास्त. म्हणून मी सांगतो, एकटीने ट्रेडमिल घेऊ नका, चार मैत्रिणींची सकाळची वेळ बांधून घ्या. कोणीतरी खाली हाक मारतंय म्हटल्यावर उठणं होतं.

शब्दकोडी सोडवा, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. मेंदूची शिल्लक आयुष्यभराच्या वापरातून वाढते. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता, आणि हे निरक्षरांमध्येही दिसलं. हे निरीक्षण आहे, चाचणी नव्हे, आणि दुसरीकडच्या काही अभ्यासांत ते तितकं ठळक नाही. तरीही काउंटरवर दिवसभर मराठी, हिंदी, इंग्रजी फिरवणाऱ्या तुम्हाला हे सांगावंसं वाटलं. शिक्षणाचं मात्र पक्कं आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा देशव्यापी अंदाज आहे, आणि प्रमाण बायकांत, खेड्यांत आणि शाळा न शिकलेल्यांत जास्त आहे. मुलीला शाळेतून काढू नका, हा मी मेंदूचा डॉक्टर म्हणूनही देतो तो सल्ला आहे.

कॅप्सूल. हळद भाजीत उत्तम. कॅप्सूलमधलं कर्क्युमिन रक्तात फार कमी उतरतं, अल्झायमरच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत त्याने फायदा दाखवलेला नाही, आणि ते जास्त शोषलं जावं म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. त्या बंद करा. ब्राह्मीवर छोट्या चाचण्या आहेत, स्मृतिभ्रंश टळतो असं त्यांतून सिद्ध झालेलं नाही. जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची तर ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांवर अनेक वर्षं परीक्षा झाली आणि काहीच फरक पडला नाही.

उलट काय घेता यापेक्षा काय थांबवता येईल ते बघा. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीवर ताबा ठेवण्याच्या आणि नैराश्याच्या जुन्या गोळ्यांपैकी काही मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाला अडवतात. आठवणींना तेच लागतं. आईंची सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. अशा पिशवीतून एखादी विसरलेली गोळी काढून टाकल्यावर "आई पुन्हा थोडी बोलायला लागली" असं मी कितीदा तरी ऐकलंय. मनाने मात्र कुठलीच गोळी एकदम तोडू नका.

नागिणीच्या लशीचं एक सांगतो, कारण अभ्यासाची रीत सुंदर आहे. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१३ साली लस सुरू झाली तेव्हा २ सप्टेंबर १९३३ किंवा नंतर जन्मलेल्यांनाच ती मिळणार होती. म्हणजे एका आठवड्याने मोठे असलेले वगळले गेले. बाकी सगळ्या बाबतींत दोन्ही गट सारखेच. सात वर्षांत लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला. ती जुनी लस होती, आता वेगळी मिळते. पन्नाशीनंतर नागिणीसाठी म्हणून ती घेण्यासारखी आहेच, डॉक्टरांशी बोला.

जीन टेस्ट करू नका, निदान आत्ता नको. आईंचा आजार बहात्तरीत सुरू झाला, तो कोलंबियातल्या कुटुंबासारखा नाही. एपीओई-४, म्हणजे त्याच एपीओई जीनचा धोका वाढवणारा प्रकार, त्याची एक प्रत असेल तर धोका दोन-तीन पट वाढतो, पण ती असलेल्या कित्येकांना आजार होत नाही आणि नसलेल्यांना होतो. निकाल काहीही आला तरी मी तुम्हाला वरचंच सगळं सांगणार. फक्त रात्रीची झोप तेवढी जाईल, आणि ती तुमच्याकडे आधीच कमी आहे.

त्या झोपेचं आधी बघा. आठवड्यात निदान तीन रात्री आईजवळ दुसरं कोणीतरी झोपेल अशी सोय करा. भावाचे डॉलर तिथे लावा. आणि पुढच्या वेळी आईला दाखवायला न्याल तेव्हा त्याच खुर्चीत बसून स्वतःचंही बीपी मोजून घ्या.